तेल थिजले की ट्रक रुसतो

डिसेंबरच्या सकाळी म्हैसुरात न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली उलटी केली, तरी थेंब पडत नाही. पारा चोवीस अंशांच्या खाली गेला की खोबरेल थिजू लागते. बाटली गरम पाण्यात ठेवायची आणि दोन मिनिटे थांबायचे, हा उपाय घरोघरी ठाऊक आहे. थंड प्रदेशात ऑटोमॅटिक गिअरचा ट्रक चालवणाऱ्याला नेमके हेच करावे लागते. फक्त त्याची बाटली फार मोठी असते.

याच म्हैसुरात बेळवाडीजवळ भारत अर्थ मूव्हर्सचा, म्हणजे बीईएमएलचा कारखाना 1984 पासून आहे. खाणींत दगडमाती वाहणारे अजस्र डंपर तेथे तयार होतात. त्यांतल्या अनेकांना क्लचचे पेडल नसते. गिअर आपोआप बदलतात. (सर्वांत अवजड डंपर विजेच्या मोटारींवर चालतात, त्यांची गोष्ट निराळी.) आपल्याकडच्या खाणींत अशा यंत्रांचा खरा शत्रू उन्हाळा. चंद्रपूरला मे महिन्यात गिअरचे तेल थंड कसे ठेवायचे, हीच चिंता. पण असेच यंत्र लडाखात उभे केले, तर प्रश्न उलटा होतो.

साध्या ट्रकमध्ये चालकाचा पाय आणि हात गिअर बदलतात. ऑटोमॅटिकमध्ये ते काम तेल करते. इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर ठेवलेले दोन पंखे आणि मध्ये तेल, अशी त्याची कल्पना करावी. एक पंखा फिरला की तेलाच्या रेट्याने दुसरा फिरतो. पुढे तेलाच्याच दाबाने क्लचच्या चकत्या एकमेकींना घट्ट धरतात आणि गिअर पडतो.

आता उणे वीस-पंचवीस अंशांत रात्रभर उभा राहिलेला ट्रक डोळ्यांसमोर आणा. तेल काकवीसारखे झालेले. पंपाला ते नीट ओढता येत नाही, गाळणीतून ते लवकर जात नाही. चालक दांडा ‘डी’वर आणतो, पण ट्रक हलत नाही. सगळे बिघडते ते इथेच. मागच्या गाड्यांचे भोंगे वाजत असतात, म्हणून तो ॲक्सिलरेटर दाबतो. दाब अपुरा असल्याने चकत्या अर्धवट धरतात, घसरतात आणि करपतात. किंवा दाब एकदम येतो आणि ट्रक हिसका देऊन पुढे उडी घेतो. घाटातल्या बर्फाळ वळणावर ही उडी जिवावर बेतू शकते.

उत्पादकांच्या पुस्तिकांत उपाय दिलेला असतो. तेल तापवण्याचा हीटर नसेल, तर हातब्रेक लावून, चाकांना ओट लावून, न्यूट्रलमध्ये इंजिन मंद गतीने निदान वीस मिनिटे चालू ठेवावे. निघाल्यावरही वरचा गिअर उशिरा पडतो. तो बिघाड नव्हे. तेल तापेपर्यंत काही यंत्रणा मुद्दामच त्याला अडवून धरतात. थंडीतही पातळ राहणारे सिंथेटिक तेल मिळते, मात्र ते यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रतीचे हवे.

डोंगराळ भागात टाकीखाली चिंध्यांचा बोळा पेटवून डिझेल आणि तेल पातळ करण्याची जुनी खोड आहे. तिचे वर्णन ‘अनुभवी चालकाची युक्ती’ असे केले जाते. खरे तर तो आगीशी खेळ आहे. इंडियन ऑइलने नोव्हेंबर 2019 मध्ये लडाखसाठी उणे तेहेतीस अंशांपर्यंत वाहते राहणारे डिझेल आणले, त्यामुळे डिझेलची अडचण हलकी झाली. पण गिअरपेटीतले तेल वेगळे. डिझेल बदलून ते पातळ होत नाही.

आता घरच्या मोटारीही ऑटोमॅटिक असतात, आणि हिवाळ्यात मनालीला बर्फ पाहायला जाणारी कुटुंबे कमी नाहीत. तिथे पहाटे कुणी काडी घालून गिअरचे तेल पाहिले, तर ते कमी दिसते, कारण थंडीने तेल आकसते. अशा वेळी घाईने वरून तेल ओतले, तर गाडी तापल्यावर ते जास्त होते आणि फेसाळते. फेसाळलेल्या तेलाला दाब धरता येत नाही, आणि चकत्या पुन्हा घसरतात. काडीवरची ‘गरम’ ही खूण पाहायची ती गाडी थोडी चालवून आणल्यावरच.