जर्नलमधला १.२ आणि मार्केटमधला ३

आधी एक कबुली. मायक्रोवेव्हच्या जर्नलमध्ये माझं व्हीएसडब्ल्यूआरचं रीडिंग १.२ आहे आणि ते मी घेतलेलं नाही. ते सिनिअरच्या जर्नलमधून आलं, त्याला त्याच्या सिनिअरकडून मिळालं. बॅचमध्ये वीस जण, बेंच एक, वेळ दोन तास. स्लॉटेड लाइनचा प्रोब माझ्या हातात आला तोवर शिपाईकाका लॅब बंद करायला आले होते. सरांची सही झाली, टर्मवर्कचे मार्क पडले, विषय संपला. निदान मला तसं वाटलं होतं.

माझ्या काकांचे दोन टेम्पो आहेत. ओतूरहून निघून माळशेज घाट उतरायचा आणि मुरबाड-कल्याणमार्गे वाशीच्या एपीएमसी मार्केटला भाजीपाला पोचवायचा, हे त्यांचं रोजचं काम. घाटात मोबाइलची रेंज मध्येच गुल होते. पावसाळ्यात धुकं असं, की पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसायची मारामार. पुढच्या टेम्पोने मागच्याला ‘वळणावर दरड आलीये’ एवढं कळवायचं तरी कसं? मी लगेच छाती फुगवून म्हणालो, सीबी रेडिओ लावू! २००५ च्या नियमांनुसार २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात पाच वॅटपर्यंतच्या सेटला लायसन्स लागत नाही. (सेटवर चॅनेल चाळीस असले, तरी या पट्ट्यात त्यातले पहिले सत्तावीसच बसतात. हे मात्र मी खरंच स्वतः मोजलं होतं.) रॅलीच्या एका हौशी माणसाकडून दोन सेट सेकंड हँड मिळाले. केबल आणि कनेक्टर लॅमिंग्टन रोडवरून आणले.

पहिल्या टेम्पोच्या पत्र्याच्या टपावर चुंबकाचा अँटेना ठेवला आणि काम झालं. दुसऱ्याच्या टपावर लोखंडी कॅरिअर होता, म्हणून अँटेना त्या कॅरिअरला बोल्टने आवळला. पहाटे भाजीपाला मार्केटमध्ये माल उतरल्यावर मी आणि माझा लॅब पार्टनर एसडब्ल्यूआर मीटर लावून बसलो. आजूबाजूला हमालांची आरडाओरड, कोबीचा पाला, मागेपुढे ट्रक. चॅनेल १, १४, २७, तिन्हीकडे सुई ३ च्या पलीकडे! एसडब्ल्यूआर ३ म्हणजे पाठवलेल्या शक्तीतली चौथाई अँटेनाकडून परत सेटकडे. पार्टनर म्हणाला, अँटेना लांब झालाय. पुस्तकात पाव तरंगलांबी, म्हणजे सुमारे पावणेतीन मीटर. आपली काठी जेमतेम सव्वा मीटरची, बाकीची कसर कॉइल भरून काढते, त्यामुळे अंदाज कुणालाच नाही. तरी कटर घेऊन दोन सेंटिमीटर कापले. फरक नाही. अजून दोन कापले. तेच!

एवढ्यात काका आले. ‘‘काय रं, झालं का? गेट पास झालाय, निघायचंय.’’

या मीटरला कॅलिब्रेशनचा एक नॉब असतो. आधी पुढे जाणाऱ्या शक्तीवर सुई पूर्ण शेवटाला आणायची, मग बटण फिरवून परत येणारी मोजायची. सुई शेवटापर्यंत आणलीच नाही, तर पुढचं रीडिंग आपोआप छान येतं. मी नॉब थोडा मागे घेतला. १.५. म्हणालो, ‘‘झालं काका.’’ माझा हात जराही थरथरला नाही, कारण त्याला दोन वर्षांची सवय होती.

दोन दिवसांनी काका परत आले. ‘‘तुझं यंत्र घाटात मुकं होतं,’’ एवढंच बोलले. पुढच्या ड्रायव्हरला वळणावर आडवं पडलेलं झाड दिसलं. तो रेडिओवर ओरडत राहिला, मागे काही पोचलंच नाही. मागच्या ड्रायव्हरने ऐनवेळी ब्रेक मारला, टोमॅटोचे चार क्रेट रस्त्यावर गेले. तेवढ्यावर निभावलं. काका रागावले असते तर बरं झालं असतं.

मग टेम्पो मार्केटच्या गर्दीतून काढून तुर्भ्याच्या बाजूला मोकळ्या मैदानात नेला. गर्दीत तर शेजारी ट्रक येऊन उभा राहिला तरी सुई हलत होती. तिथे बसून ट्यूनिंग करणंच चूक. आता ओळीने तपासलं. केबलची मधली तार सलग, जाळीशी शॉर्ट नाही. अँटेनाच्या बुडापासून चासीपर्यंत मल्टिमीटर शून्य ओहम दाखवत होता, म्हणजे अर्थिंग उत्तम! इथे आम्ही अर्धा तास फसलो. शेवटी पार्टनरने सेटमागची केबल काढून पुन्हा मोजलं, आणि सर्किट ओपन. ते शून्य केबलच्या जाळीतून सेटमध्ये आणि तिथून बॅटरीच्या निगेटिव्हला, असं लांबून फिरून येत होतं. कॅरिअरवर जाड रंग, खाली रबराच्या पट्ट्या, टपाशी त्याचा संबंधच नव्हता. गाडीवरच्या अँटेनाचा अर्धा भाग म्हणजे गाडीचा पत्रा. आमचा अर्धा अँटेना जोडलेलाच नव्हता आणि आम्ही उरलेला अर्धा कापत बसलो होतो.

रंग खरवडला, दातेरी वॉशर घातले, कॅरिअरपासून केबिनपर्यंत तांब्याची रुंद, आखूड वेणी जोडली, गंजू नये म्हणून वर ग्रीस. आता चॅनेल १ वर २.३ आणि २७ वर १.७. खालच्या चॅनेलवर जास्त म्हणजे काठी आखूड. आमच्याच कटरची कृपा! नशिबाने बुडाच्या स्क्रूमध्ये तार थोडी शिल्लक होती, ती वर ओढली. १.५, १.३, १.६. या वेळी नॉब पार्टनरने धरला होता आणि मी खिशात हात घालून उभा होतो.

आता माझं म्हणणं. आपल्या जर्नलमध्ये ‘ऑब्झर्व्हेशन’च्या रकान्यात जे यायला हवं तेच येतं, आणि २.३ आलं तर रीपीट. सरांना दोष देत नाही, वीस पोरं आणि एक बेंच यात तेही काय करणार? पण सेमिस्टरमध्ये निदान एक प्रॅक्टिकल असं ठेवा, की किट मुद्दाम बिघडवलेलं असेल आणि मार्क रीडिंगला नसून बिघाड कसा शोधला त्याला असतील. एक केबल आतून तोडा, एका बोल्टखाली रंग ठेवा, खर्च शून्य! एक्स्टर्नलनेही जर्नल उलटून विचारावं, की बाबा, यातलं कुठलं रीडिंग चुकलं होतं आणि का? ‘एकही नाही’ म्हणणाऱ्याला बाहेर बसवावं. पहिला मीच बसेन.

काकांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याला त्याच्या टेम्पोवरही सेट लावून हवाय. त्याच्या टपावरही कॅरिअर आहे. शनिवारी पहाटे चारला भाजीपाला मार्केटच्या गेटवर भेटू. मल्टिमीटर आणि पॉलिश पेपर आणा. कटर आणू नका.