पिल्लं घेण्याआधी विचारा: शेवटी खाणार कोण?

आपल्या तालुक्यात पुन्हा "हमखास परत खरेदी"ची पत्रकं फिरतायत. पिल्लं आम्ही देऊ, खाद्य आम्ही देऊ, मालही आम्हीच उचलू. तुम्ही फक्त शेड बांधा आणि पैसे भरा. दोन-तीन पोरांनी फोन करून विचारलं, म्हणून जाहीरच लिहितो.

२०१२ साली तामिळनाडूतली पेरुंदुराईची सुसी इमू फार्म्स बुडाली. त्यांची योजना अशी होती: दीड लाख भरा, ६ पिल्लं सांभाळा, महिन्याला ६ हजार आणि वर्षाला २० हजार बोनस घ्या. हिशोब करा. वर्षाचे झाले ९२ हजार, म्हणजे भरलेल्या रकमेवर ६० टक्क्यांच्या वर! एवढा पैसा इमू विकून येत नव्हता, तो मागून येणाऱ्यांच्या खिशातून येत होता. नवीन माणसं यायची थांबली आणि खेळ खलास.

इमूच्या शेड आपल्या महाराष्ट्रातही उभ्या राहिल्या होत्या. मांस, तेल, कातडी, पिसं, सगळ्याला सोन्याचा भाव आहे म्हणून सांगितलं गेलं. पण आठवडी बाजारात इमूचं मटण मागणारं गिऱ्हाईक तुम्ही कधी पाहिलंय? आणि पक्षी विकला गेला नाही म्हणून खायचा थांबत नाही.

मग २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातलं कडकनाथ प्रकरण. कोंबडी खरी होती. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. ठरवून दिलेला भाव मात्र बाजारातला नव्हता, कंपनीच्या कागदावरचा होता. कंपनीने माल उचलायचं बंद केलं आणि शेतकरी पोलीस ठाण्यात.

कुणी म्हणेल, पत्रकार लोक नवीन काही करूच देत नाहीत. करा की! शेळ्या पाळा, कोंबड्या पाळा. फक्त आधी तीन गोष्टी बघा. कंपनी सोडून दुसरा कुणी हा माल रोखीने घेतो का, हे बाजारात जाऊन स्वतः विचारा. कंपनीचा नफा माल विकून येतोय की तुम्हाला पिल्लं विकून, ते तपासा. आणि विक्री सहा महिने थांबली तर खाद्य आणि बँकेचा हप्ता कुठून भरणार, ते वहीत लिहून काढा.

आपल्याकडे ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा १९९९ पासून आहे. पण तो पैसे बुडाल्यावर कामाला येतो, आणि तोवर हप्ता थांबत नाही.

तुमच्या गावात असं पत्रक आलं असेल तर फोटो पाठवा. सही करण्याआधी, नंतर नको.