नक्षी शाबूत, टायर बाद

बोटीच्या ट्रेलरचे टायर धावण्यापेक्षा उभे राहण्यानेच अधिक खराब होतात, ही गोष्ट ट्रेलर बाळगणाऱ्या व्यावसायिकांना अनुभवाने ठाऊक असली तरी टायर बदलण्याची वेळ आली की ती नेमकी विसरली जाते. मोटारीचा टायर वर्षाकाठी हजारो किलोमीटर पळतो आणि त्याची नक्षी, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावरील खाचा, रबर जुने होण्याच्या आत झिजून जाते. याउलट ट्रेलर हंगामाच्या सुरुवातीला व शेवटी आणि अधूनमधून दुरुस्तीसाठी थोडे अंतर ओढला जातो आणि उरलेला सारा काळ बोटीचा भार अंगावर घेऊन एकाच जागी उभा असतो. त्यामुळे मोटारीसाठी नियमांनी घालून दिलेली १.६ मिलिमीटर नक्षीची किमान मर्यादा गाठण्याच्या कितीतरी आधी हा टायर आतून निकामी झालेला असू शकतो, आणि पाहणाऱ्याला मात्र तो जवळजवळ नवाच वाटतो. पावसाळ्यातील बंदी उठून किनाऱ्यावरील जलक्रीडेचा हंगाम पुन्हा सुरू होताना इंजिन, बोटीचे बूड आणि जीवरक्षक जॅकेटे यांची तपासणी ज्या काटेकोरपणे होते, तितक्याच काटेकोरपणे टायरांचीही व्हावी आणि ती नक्षी न पाहता भार, वय व हवा या तीन निकषांवर व्हावी, असे या मासिकाचे मत आहे.

वयाचा निकष समजून घेण्यासाठी रबराचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. हवेतील ओझोन आणि उन्हातील अतिनील किरण रबराच्या पृष्ठभागावर बारीक तडे पाडतात. त्यापासून संरक्षण म्हणून टायर बनवतानाच रबरात मेण व काही ओझोनरोधक रसायने मिसळलेली असतात. टायर फिरताना त्याच्या बाजू सतत वाकतात व सरळ होतात आणि या हालचालीमुळे ती द्रव्ये आतून पृष्ठभागावर येत राहतात. टायर महिनोन्‌महिने स्थिर राहिला की हा पुरवठा मंदावतो आणि उन्हाच्या बाजूचे रबर कोरडे पडून तडकू लागते. म्हणूनच गोठा किंवा शेड नसेल तेथे चाकांवर साधे ताडपत्रीचे आवरण घालणे आणि शक्य असल्यास बोटीचा भार घोड्यांवर घेऊन चाके मोकळी ठेवणे हा खर्चिक नसलेला, पण परिणामकारक उपाय ठरतो.

टायरचे वय त्याच्या बाजूवरच छापलेले असते. तेथे आढळणाऱ्या सांकेतिक क्रमांकातील शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘२३१९’ असा अंक असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे. पुष्कळ टायरांवर हे चार अंक एकाच बाजूला असतात आणि टायर उलटा बसवला गेला असेल तर ती बाजू आत, धुऱ्याकडे, जाते. अशा वेळी ट्रेलरखाली वाकून टॉर्चच्या उजेडात ते वाचावे लागतात, आणि तेवढा त्रास घेणे सार्थकी लागते, कारण दुकानातून आज घेतलेला टायरही गोदामात तीन-चार वर्षे पडून राहिलेला असू शकतो. ट्रेलरच्या टायरसाठी पाच ते सहा वर्षे ही व्यवहारात सुरक्षित मानली जाणारी मर्यादा आहे. त्यानंतर नक्षी पूर्ण शाबूत असली तरी लांबच्या प्रवासाला तो टायर वापरू नये, आणि बाजूवर किंवा नक्षीच्या खाचांच्या तळाशी तडे दिसत असतील तर ती मुदत संपण्याचीही वाट पाहू नये.

दुसरा निकष भाराचा असून सर्वाधिक चुका येथेच होतात, कारण माप जुळले म्हणजे टायर जुळला असा समज रूढ आहे. टायरच्या मापानंतर येणारा भारांक, म्हणजे त्या टायरने जास्तीत जास्त किती वजन पेलावे हे सांगणारा सांकेतिक अंक, अनेकदा वाचलाच जात नाही. मोटारींमध्ये नेहमी दिसणाऱ्या १९५/६५ आर १५ या मापाच्या टायरवर बहुधा ९१ हा भारांक असतो आणि त्याचा अर्थ ६१५ किलो असा होतो. आता बोटीचे वजन ६५० किलो, ११५ अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन सुमारे १७५ किलो, टाकीतील १०० लिटर पेट्रोल सुमारे ७५ किलो, बॅटरी, नांगर, दोर व इतर सामान १०० किलो आणि खुद्द ट्रेलर ३५० किलो असे धरले, तर एकूण वजन १३५० किलो भरते. त्यातले सुमारे १०० किलो ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर येते आणि उरलेले १२५० किलो दोन चाकांवर विभागले जाते. म्हणजे प्रत्येक चाकावर ६२५ किलो येतात आणि मोटारीचा तो टायर ट्रेलर उभा असतानाच आपल्या मर्यादेबाहेर गेलेला असतो. खड्डे, वळणे आणि एका बाजूला बसवलेली बॅटरी यांमुळे येणारा जादा भार लक्षात घेता किमान वीस टक्के राखीव ठेवली, तर ७५० किलोची, म्हणजे भारांक ९८ किंवा त्याहून अधिक क्षमता आवश्यक ठरते.

अमेरिकेत या कामासाठी ‘एसटी’ ही अक्षरे असलेला, केवळ ट्रेलरसाठी बनवलेला टायरांचा स्वतंत्र वर्ग आहे आणि मोटारीचा टायर ट्रेलरला लावायचा झाल्यास त्याच्या छापील क्षमतेला १.१ ने भागून येणारा आकडाच धरावा, असा तेथील नियम आहे. त्याच वर्गात माप आणि क्षमता यांतील फरक ठळकपणे दिसतो : एसटी २२५/७५ आर १५ या एकाच मापाचा टायर ‘सी’ श्रेणीत ५० पीएसआय हवेवर ९७५ किलो, ‘डी’ श्रेणीत ६५ पीएसआयवर ११५० किलो आणि ‘ई’ श्रेणीत ८० पीएसआयवर १२८५ किलो पेलतो. भारतीय बाजारात हा वर्ग सहजी मिळत नसल्याने छोट्या मालवाहू वाहनांसाठी बनवलेला, मापासोबत ‘सी’ किंवा ‘एलटी’ ही अक्षरे असलेला आणि आयएसआय चिन्ह असलेला टायर हाच येथील ट्रेलरसाठी योग्य पर्याय ठरतो. युरोपात ट्रेलरवर प्रचलित असलेल्या १८५ आर १४ सी या मापाच्या टायरवर १०२/१०० असे दोन भारांक असतात. पहिला एकेरी चाकासाठी ८५० किलो आणि दुसरा जोडचाकासाठी ८०० किलो, असा त्यांचा अर्थ आहे. ‘८ पीआर’ यासारखा उल्लेख आज टायरच्या ताकदीची श्रेणी दर्शवतो, आतील थरांची प्रत्यक्ष संख्या नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

तिसरा निकष हवेचा. छापील क्षमता ही ठरावीक हवा भरलेली असतानाच खरी असते. हवा कमी झाली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकतात, त्यातून उष्णता निर्माण होते आणि अखेरीस नक्षीचा पट्टा खालच्या थरांपासून सुटतो. महामार्गावर ट्रेलरचा टायर फुटण्यामागे पुष्कळदा हीच साखळी असते आणि दोष मात्र उन्हाला किंवा कंपनीला दिला जातो. किनाऱ्यावरील व्यवसायात यात आणखी एक भर पडते : वाळूत चाक रुतू नये म्हणून हवा मुद्दाम कमी केली जाते आणि तोच ट्रेलर नंतर तसाच डांबरी रस्त्यावर काढला जातो. पुळणीवरून बोट ओढण्यासाठी रुंद, कमी हवेची चाके असलेली स्वतंत्र गाडी आणि रस्त्यासाठी वेगळा ट्रेलर, ही व्यवस्था ज्यांना परवडते त्यांनी ती करावी. ज्यांना परवडत नाही त्यांनी हवा भरण्याचा छोटा कॉम्प्रेसर आणि गेज गाडीतच ठेवून डांबर लागण्यापूर्वी हवा पूर्ववत करावी. हवा नेहमी टायर थंड असताना मोजावी, कारण प्रवासात तापलेल्या टायरचा दाब वाढलेला असतो आणि तो पाहून हवा सोडणे म्हणजे टायर कमी हवेवर चालवणेच होय.

टायरसोबत रिमचाही विचार करावा लागतो. खाऱ्या पाण्यात उतरणाऱ्या ट्रेलरच्या लोखंडी रिमला टायरची कडा बसते तेथेच गंज चढतो आणि पंक्चर नसतानाही हवा हळूहळू जात राहते. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले रिम घ्यावेत आणि प्रत्येक खेपेनंतर चाके गोड्या पाण्याने धुवावीत. साधा रबरी व्हॉल्व्ह सुमारे ६५ पीएसआयपर्यंतच्या दाबासाठी असतो, त्याहून अधिक हवेच्या टायरला धातूचा व्हॉल्व्ह बसवावा. एकाच ट्रेलरवर रेडियल आणि जुन्या पद्धतीचे तिरप्या थरांचे टायर एकत्र वापरू नयेत, आणि स्टेपनीलाही वयाचा तोच निकष लावावा.

हे सारे तपशील प्रत्येक ट्रेलरधारकाने पाठ करावेत ही अपेक्षा व्यवहार्य नाही. म्हणून ट्रेलर बनवणाऱ्या कारागिरांनी आणि कारखान्यांनी टायरचे माप, किमान भारांक आणि थंड टायरमधील हवेचा दाब या तीन गोष्टी कोरलेली न गंजणारी पट्टी प्रत्येक ट्रेलरच्या दांड्यावर बसवावी, आणि व्यावसायिकांच्या संघटनांनी पट्टी नसलेला ट्रेलर विकत न घेण्याचा ठराव करावा. जुन्या ट्रेलरच्या बाबतीत बोट, इंजिन, इंधन व सामानासह ट्रेलर एकदा वजनकाट्यावर नेऊन प्रत्येक बाजूच्या चाकाचे वजन वेगळे घ्यावे आणि ती चिठ्ठी हाती घेऊनच टायरच्या दुकानात जावे. वजनकाट्याची फी एका टायरच्या किमतीपुढे नगण्य आहे, आणि दुकानदाराने दाखवलेला टायर घ्यायचा की परत करायचा हे ठरवण्यासाठी ग्राहकाच्या हाती त्या चिठ्ठीइतका भक्कम आधार दुसरा नाही.