थट्टा कोणाची करावी ?

गेल्या दिवाळीनंतर आमच्या सायकलस्वार मंडळींत एक वाद उपस्थित झाला, व तो अद्यापि पुरता मिटलेला नाहीं. वाद दिसावयास क्षुल्लक आहे. रविवारीं सकाळीं सायकलवरून फिरावयास जाणाऱ्या सात प्रौढ गृहस्थांनीं मागें राहिलेल्या सोबत्यासाठीं थांबावें कीं थांबूं नये, एवढाच काय तो प्रश्न. परंतु त्याच्या पोटांत दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो मला शाळेच्या वर्गांतहि रोज भेटतो. म्हणून या अंकांत त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें मीं योजिलें आहे.

प्रथम मंडळींची ओळख करून देतों. आम्ही सर्व बीड शहराचे रहिवासी. एक बँकेंतील रोखपाल, एक दांतांचे डॉक्टर, एक औषधविक्रेते, दोन शेतकरी बंधु, एक कापडाचे व्यापारी आणि मी शाळामास्तर. वयें पंचविशीपासून पंचावन्नापर्यंत. पहाटे साडेपांचास आम्ही निघतों, व इतक्या लौकर निघण्यास कारण मी आहें. नऊ वाजतां मला उपासनेस हजर राहावें लागतें, आणि मंडळींत माझ्याखेरीज कोणीहि ख्रिस्ती नसतां सर्वांनीं आपली साखरझोप माझ्या उपासनेपायीं सोडिली आहे. त्याचा मोबदला ते थट्टेनें वसूल करून घेतात. "मास्तरांचा देव वेळेचा मोठा कडक, आमचा बिचारा केव्हांहि दर्शन देतो," हें वाक्य मीं निदान शंभर वेळां ऐकलें असेल, व दर वेळीं मला हंसूं आलें आहे.

आमचा नेहमींचा रस्ता म्हणजे सोलापूरकडे जाणारा महामार्ग. पालीजवळ बिंदुसरेच्या धरणावरून गार वारा अंगावर येतो. पुढें बालाघाटाची चढण लागते आणि मांजरसुंब्याचा घाट सुरू होतो. पावसाळ्यांत कधीं कधीं कपिलधारेकडे वळून मन्मथस्वामींच्या समाधिस्थानाजवळचा धबधबा पाहून परततों. सीताफळांच्या दिवसांत मात्र परततांना मंडळींचा वेग आपोआप मंदावतो, व प्रत्येकाच्या पाठीवरची पिशवी जड होते.

ज्यांनीं सायकल केवळ शाळेस येण्याजाण्यापुरती वापरली आहे त्यांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. सपाटीवर सायकलस्वाराचा खरा शत्रु वारा होय. वेगानें जाणाऱ्याचें बहुतेक बळ हवा कापण्यांतच खर्च होतें, आणि पुढच्याच्या चाकामागें लगटून चालणारास तेंच अंतर सुमारें पाव ते एकतृतीयांश कमी श्रमांत तोडतां येतें. म्हणून पुढें राहण्याच्या पाळ्या लावाव्या लागतात. आमचे दांतांचे डॉक्टर अंगानें भरभक्कम आहेत. वारा सुटला कीं त्यांस पुढें होण्याचा आग्रह सुरू होतो. "डॉक्टर, तुमच्या आडोशास सहा बिऱ्हाडें सुखानें राहतील," असें कोणी म्हटलें कीं, "भाडें आगाऊ पडेल," असें बजावून ते पुढें जातात. पुढच्यास बोलावयास दम नसतो, मागच्यांस असतो. त्यामुळें थट्टा सदैव पुढच्याचीच होते. पण तो गप्प राहतो असें नव्हे. तो पायांनीं उत्तर देतो. वेग असा कांहीं वाढवितो कीं मागें चाललेल्या सर्व विनोदी वक्त्यांची वाचा दोन मिनिटांत बंद पडावी !

अर्थात् त्या रस्त्यावर ऐकलेला सर्वोत्तम विनोद आमचा नव्हता. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांचीं कुटुंबें भांडींकुंडीं, पोरेंबाळें व शेळ्याकोंबड्या घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. घाटांत एकदां अशाच एका बैलगाडीच्या बरोबरीनें आम्ही धापा टाकीत चढत होतों. गाडीवरील म्हातारबाबांनीं आम्हांस खालपासून वरपर्यंत न्याहाळलें आणि विचारलें, "आम्ही पोट भराया वझं वढतो. तुम्ही पोट उतराया वढता व्हय ?" कोणासहि उत्तर सुचलें नाहीं. डॉक्टर घाटमाथ्यापर्यंत हंसत होते.

आतां मूळ वादाकडे येतों. आमच्यांतील कापडाचे व्यापारी वयानें सर्वांत वडील व चढावर सर्वांत सावकाश. फ्रान्स देशांत १९०३ सालीं सुरू झालेल्या 'टूर द फ्रान्स' नांवाच्या प्रसिद्ध शर्यतींत सर्वांच्या शेवटीं येणाऱ्या स्वारास 'तांबडा कंदील' म्हणतात. आगगाडीच्या शेवटच्या डब्यामागें असणाऱ्या दिव्यावरून हें नांव पडलें. मधल्या पन्नाससाठ जणांचीं नांवें लोकांच्या ध्यानांत राहत नाहींत, पण तांबड्या कंदिलाचें राहतें. १९७९ सालीं तर एक ऑस्ट्रियन व एक फ्रेंच स्वार यांमध्यें या शेवटच्या जागेसाठींच चुरस लागली. एकेकट्यानें घड्याळाशीं झुंजावयाच्या टप्प्यांत दोघेहि मुद्दाम रेंगाळले. त्यांतील फ्रेंच स्वार इतका रेंगाळला कीं, ठरलेल्या मुदतीबाहेर जाऊन तो शर्यतींतूनच बाद झाला, आणि कंदील ऑस्ट्रियनाकडे गेला.

ही हकीकत मीं एकदां चहाच्या टपरीवर सांगितली. तेव्हांपासून आमच्या या मित्रांस 'गार्डसाहेब' ही पदवी मिळाली, आणि त्यांनींहि ती आनंदानें पत्करली. दुसऱ्याच रविवारीं ते दुकानांतील हिरव्या कापडाचा एक तुकडा खिशांत घालून आले. गार्डसाहेबांनीं चहा संपवून हिरवें फडकें दाखविल्याखेरीज गाडी हलावयाची नाहीं, असा नियम ठरला. बीड शहरास आगगाडी मिळाली ती सप्टेंबर २०२५ मध्यें. त्यापूर्वीं वर्षभर आमच्याकडे गार्ड होता, ही गोष्ट आम्ही मोठ्या अभिमानानें सांगत असूं.

कार्तिकांतील एका रविवारीं समोरून वारा होता. घाटमाथ्यावर आम्ही सहाजण पोंचलों, चहा झाला, घाम अंगावरच वाळून थंडी वाजूं लागली, आणि माझी नजर घड्याळाकडे वारंवार जाऊं लागली. पंचवीस मिनिटांनीं गार्डसाहेब आले. सायकल हातीं धरून, चालत. मीं म्हटलें, "या, बरें झालें आलांत, आम्ही आतां तुमच्या शोकसभेचा अध्यक्ष निवडीत होतों." मंडळी खदखदून हंसली. तेहि हंसले. पण हिरवें फडकें त्या दिवशीं त्यांनीं खिशांतून काढलें नाहीं, आणि तें न दाखवितांच आम्ही निघालों, हें मला घरीं आल्यावर आठवलें.

पुढील रविवारीं त्यांचा गुडघा दुखत होता. त्यापुढील रविवारीं दुकानांत माल यावयाचा होता. तिसऱ्या रविवारीं त्यांनीं कारण कळविलें नाहीं, व आम्हींहि विचारलें नाहीं.

तेव्हां रोखपालांनीं ठराव मांडला कीं, मंडळीचे दोन गट करावे; मोबाईलवर प्रत्येकाची सरासरी गति नोंदलेली असतेच, तीवरून वांटणी व्हावी. ते तरुण आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. घामेजलेल्या अंगानें थंडींत अर्धा तास बसणें हितावह नव्हे. दोनशें किलोमीटरची दीर्घ सफर साडेतेरा तासांच्या मुदतींत पुरी करूं इच्छिणारानें आपल्याच गतीनें अभ्यास केला पाहिजे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत नऊ दिवसांच्या आंत पुरी केली, "ते काय कोणासाठीं थांबत बसले होते?" असा रोखपालांचा सवाल. मीं त्यांस एवढेंच सुचविलें कीं, ती दोघांची शर्यत होती. एक सायकल चालवी तेव्हां दुसरा विसांवा घेई. दुसऱ्याची पाळी कशी जाते याची चिंता तेथें जितकी असेल तितकी आमच्या घाटांत खचित नसते. आठवड्याचे उरलेले सहा दिवस ज्यास पाहिजे त्यानें पाहिजे तितका वेग वाढवावा. रविवारीं आम्ही निघतों ते एकत्र निघण्यासाठीं, असा माझा समज आहे. आणि सरासरी काढावयाची तर ती सातांची मिळून काढावी.

परंतु माझा मुख्य आक्षेप निराळाच आहे. रोखपालांचा ठराव असें गृहीत धरून चालतो कीं, गार्डसाहेब गतीमुळें गळाले. ते खरें नाहीं. गति त्यांची वर्षभर तीच होती, आणि वर्षभर ते येत होते. 'गार्डसाहेब' या थट्टेनें आम्हीं त्यांस गाडींत एक जागा दिली होती. सर्वांत मागची खरी, पण जिच्यावांचून गाडी सुटत नाहीं अशी. माझ्या शोकसभेच्या थट्टेनें ती जागा काढून घेतली. तिचा अर्थ असा झाला कीं, तुमच्यावांचून आमचें काम आटोपलें. शब्द दोन्ही वेळां हंसण्याचेच होते, व हंसणारेहि तेच होते.

पुढें असणाऱ्याची थट्टा केली तर तो पायांनीं उत्तर देऊं शकतो, हें मीं वर सांगितलेंच आहे. जो दम लागून, सायकल ढकलीत, सर्वांच्या शेवटीं येतो त्यास उत्तर देण्यास ना तोंड मोकळें असतें ना पाय. त्याच्यापाशीं एकच उत्तर उरतें, तें म्हणजे पुन्हां न येणें. वर्गांत अडखळत वाचणाऱ्या मुलावर इतर मुलें हंसतात, तेव्हां त्या हंसण्यांत एखादें चुरचुरीत वाक्य मिसळण्याचा मोह शिक्षकास होतो, व वर्ग त्यामुळें खूषहि होतो. मींहि या मोहास वीस वर्षांत कितीदां बळी पडलों याचा हिशेब नाहीं. अशीं मुलें पुढें 'सर, डोकें दुखतें' असें सांगून वाचनाची पाळी चुकवूं लागतात, आणि आम्ही शिक्षक त्यांस आळशी ठरवितों. गार्डसाहेबांचा गुडघा मला याच जातीचा वाटला.

म्हणून कोणी थट्टाच वर्ज्य करूं म्हणेल तर तेंहि मला पसंत नाहीं. जेथें कोणी कोणाची थट्टा करीत नाहीं, असें सायकलमंडळ म्हणजे एकापाठोपाठ एक चाललेल्या सात अनोळखी इसमांची रांग होय. डॉक्टरांच्या देहावर, माझ्या घड्याळावर, रोखपालांच्या भडक जर्सीवर बोलणें बंद झालें, तर मला वाटतें आम्ही महिन्याभरांत आपापल्या अंथरुणांत परत जाऊं.

गेल्या आठवड्यांत कापड घेण्याच्या निमित्तानें मी गार्डसाहेबांच्या दुकानीं गेलों. गिऱ्हाईक नव्हतें. मीं शोकसभेची गोष्ट काढली व क्षमा मागितली. ते कापड मोजतच होते. मोजून झाल्यावर म्हणाले, "मास्तर, तीन वर्षांपूर्वीं माझ्या हृदयाच्या धमनींत स्टेंट बसविला आहे. डॉक्टरांनीं सांगितलें म्हणूनच सायकल घेतली. मंडळींना सांगितलें नाहीं. सांगितलें असतें तर तुम्हीं मला घाटांत येऊं दिलें नसतें. त्या दिवशीं छातींत जरा धडधडलें, म्हणून उतरून चालत आलों. आणि वर येतों तों तुमची सभा चाललेली."

मला कांहीं बोलवेना. ही हकीकत छापण्यास त्यांनीं पुढें आपण होऊन परवानगी दिली, पण त्या क्षणीं ती मला कोणास सांगतां आली नसती. मीं पैसे दिले. त्यांनीं पुडकें बांधलें, दोऱ्याची गांठ मारली, आणि मी पायरी उतरतांना हांक मारून म्हणाले, "रविवारीं येतों. पण घाट असेल तर मला शनिवारींच निघावें लागेल."