गप्प कोण होतं?

मा. संपादक,

‘कर्मचारी बोलत नाहीत, म्हणून अपघात होतात’ हा तुम्ही छापलेल्या लेखातला निष्कर्ष उलटा आहे. लेखकानेच दिलेलं ‘चॅलेंजर’ या अंतराळयानाचं उदाहरण घ्या. २७ जानेवारी १९८६च्या रात्री यानाचे बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी बजावलं होतं, की थंडीत रबरी ओ-रिंग दगा देतील, उड्डाण नको. कंपनीच्या वरिष्ठांनी आधी ते मानलं. नासाची नाराजी दिसताच शब्द फिरवला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सातही अंतराळवीर गेले.

मतभेदाने कामाला उशीर होतो, हे मान्य. उड्डाण लांबलंच असतं.

राहिली लेखात सुचवलेली सूचनापेटी. आमच्या कारखान्यात ती टाइम ऑफिसबाहेर होती. तिची किल्ली कुणाकडे असे, हे मला तीस वर्षांत कळलं नाही.

लेखकाने कर्मचाऱ्यांसाठी सुचवलेलं प्रशिक्षण आधी साहेबांना द्यावं.

– एक निवृत्त फोरमन, चिंचवड