उसाला दर, मग खाटेला का नाही?

खाजगी रुग्णालयचालकांच्या संघटना सरकारदरबारी जातात तेव्हा त्यांच्या हाती दोन अर्ज असतात. एकात म्हटलेले असते, सरकारी आरोग्य योजनांचे दर वाढवा आणि थकलेली बिले चुकती करा. दुसऱ्यात, आमच्या दरांवर कायद्याचा अंकुश नको. पैसा सार्वजनिक आणि मर्जी खाजगी, असा हा मामला आहे. आणि महाराष्ट्रातील सर्व रंगांच्या सरकारांनी तो मुकाट्याने चालू दिला आहे.

संसदेने 2010 साली क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा केला. आरोग्य हा राज्यांचा विषय. म्हणून विधानसभेने ठराव केल्याखेरीज तो राज्याला लागू होत नाही. उपचारांचे दर केंद्राने राज्यांशी विचारविनिमय करून ठरविलेल्या मर्यादेत असावेत, असे त्याखालील 2012 चे नियम सांगतात. इंडियन मेडिकल असोसिएशनने या कायद्याला कडवा विरोध केला, आणि महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. आपल्याकडे आहे 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा. जानेवारी 2021 मध्ये त्याच्या नियमांत दरपत्रक लावण्याची सक्ती झाली. दर फलकावर लिहा, मात्र किती लिहावा हे कोणी विचारणार नाही! केंद्राचे कर्तृत्वही याहून मोठे नाही. दर न ठरविल्याबद्दल फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला धारेवर धरले, तेव्हा राज्ये उत्तर देत नाहीत ही सबब पुढे आली.

दर बाजाराने ठरवावेत, असा उपदेश आम्हांस केला जातो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांना ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला हा उपदेश करून पाहावा. उसाचा किमान दर दिल्लीत ठरतो, कारण तोडलेला ऊस वाट पाहू शकत नाही आणि विकणारा दुबळा ठरतो. इंदापूरहून पुण्याकडे धावणाऱ्या गाडीतला हृदयविकाराचा रोगी तरी वाट पाहू शकतो काय? तेथे घेणारा दुबळा; म्हणून कमाल दर हवा. आरोग्यसेवा हा इतर मालासारखा बाजार नव्हे, हे केनेथ ॲरो यांनी 1963 मध्येच दाखवून दिले होते, आणि ते काही समाजवादी पक्षाचे सभासद नव्हते.

दर ठरविणे अशक्य, हेही खोटे. 21 मे 2020 रोजी महाराष्ट्र शासनाने खाजगी रुग्णालयांतील 80 टक्के खाटांना दर लावून दिले: साध्या विलगीकरण कक्षाला दिवसाला 4,000 रुपये, व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभागाला 9,000. साथीत जे एका आदेशाने जमले, ते एरवी का जमू नये?

महात्मा फुले योजनेची बिले रखडतात, ही लहान रुग्णालयांची तक्रार मात्र खरी आहे. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे 14 दिवसांत पैसे न दिल्यास कारखान्याला 15 टक्के व्याज द्यावे लागते. (ते किती शेतकऱ्यांच्या पदरात पडते, हा वेगळा लेख होईल.) तसाच हक्क रुग्णालयांना जरूर द्यावा, परंतु दरनियंत्रण मान्य करणाऱ्यांनाच.

तोवर पहिला हक्क सरकारी रुग्णालयांचा. सार्वजनिक आरोग्यखर्च 2025 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करण्याचे 2017 च्या धोरणातील वचन पाळले गेलेले नाही. बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. खाजगी बिलांत जाणारा पैसा तेथे आणि इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका व औषधांवर खर्च व्हावा. दोन्ही तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी या महिन्यात प्रत्येक खाजगी रुग्णालयातील दरफलक पाहून यादी करावी आणि ती घेऊन आपापल्या आमदारांना गाठावे: 2010 च्या कायद्याचा ठराव विधानसभेत मांडणार की नाही, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे.