शेजाराचा संस्कार

पक्ष्याला ‘द्विज’ हें नांव आपल्या पूर्वजांनीं दिलें, कारण तो एकदां अंड्याच्या रूपानें व पुनः अंड्यांतून, असा दोनदां जन्मतो. कोंबडीच्या बाबतींत या दोन जन्मांमध्यें सुमारें २१ दिवसांचें अंतर असतें. त्या अवधींत पिल्लाचा अन्नमार्ग कसा घडतो, याची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

अठराव्या शतकांतील विख्यात शरीरशास्त्रज्ञ हालर याचें मत असें कीं, गर्भांत सर्व अवयव आरंभापासूनच सिद्ध असतात. वाढणें एवढेंच त्यांचें काम. वोल्फ यानें १७६८-६९ सालच्या आपल्या निबंधांत दाखवून दिलें कीं, पिल्लाचें आंतडें प्रथम नळी नसतेंच. सपाट पापुद्रा दुमडून त्याची नळी होते.

पण एकाच नळीच्या अस्तरास ठिकठिकाणीं निरनिराळे गुण कोठून येतात? पक्ष्याचें जठर दोन दालनांचें असतें. पहिल्यांत पाचक रसाच्या ग्रंथी. दुसरें जाड स्नायूंचें, दाणे भरडणारें, जणूं पोटांतलें जातेंच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत यासुगी, मिझुनो प्रभृति जपानी शास्त्रज्ञांनीं कोंवळ्या गर्भांतील अस्तर भोंवतालच्या थरापासून सोडवून थरांची अदलाबदल केली. जात्याच्या अस्तरास पहिल्या दालनाचा थर लाभतांच त्यांत ग्रंथी उगवल्या व पेप्सिनचें पूर्वद्रव्यही तयार झालें. उलट, पहिल्या दालनाच्या अस्तरास जात्याचा थर दिला असतां तें द्रव्य होईना. लहान आंतड्याच्या अस्तरानें मात्र पहिल्या दालनाच्या शेजारींही तें दिलें नाहीं.

आंतड्यांतील अन्नरस शोषणारे अंकुरही शेजाराच्याच दाबानें उठतात, असें हार्वर्ड येथील संशोधकांनीं २०१३ सालीं दाखविलें. आठव्या दिवसाच्या सुमारास भोंवतीं स्नायूंचें कडें बनतें. आंतलें अस्तर वाढतच असतें; त्यास बाहेर पसरण्यास जागा न उरल्यानें, रुंद कापड अरुंद पट्टींत बसवितांना पडाव्या तशा त्यास उभ्या चुण्या पडतात. तेराव्या दिवसाच्या सुमारास स्नायूंचा दुसरा थर येऊन त्या नागमोडी होतात. सोळाव्याच्या सुमारास तिसरा थर येतो व त्यांचे अंकुर बनतात.

मुलाचा स्वभाव कुळावर जातो कीं संगतीवर, हा वाद आमच्या घरोघरीं चालतो. पिल्लाच्या जठरावरून त्याचा निकाल लावणें शास्त्रास मान्य होणार नाहीं. तथापि येथें तरी दोघांचाही वांटा स्पष्ट दिसतो: कशास प्रतिसाद द्यावयाचा ही पात्रता अस्तराची स्वतःची, ती फळास आणावयाची कीं दाबून ठेवावयाची, हें शेजाराच्या हातीं.